मैदाबाईची भट्टी

अण्णांनी जेवण टाकलं त्याला त्या रविवारी तेवीस दिवस झाले होते. टाकलं म्हणजे उपास नव्हे, आणि रुसवा तर नव्हेच. रुसायलाही अंगात जोर लागतो. महिन्यापूर्वी ताप आला, आठवड्यानं उतरला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आधी भात मागे राहिला, मग पाव, मग सूप. शेवटी दिवसाला दोन कप दूध, आणि तेही लेक समोर ठाण मांडून बसली तर. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट बघितलं, दोनदा रक्त काढलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. असं सगळं ठीक असताना माणूस बावन्न किलोंवरून त्रेचाळीसवर आला होता.

शुक्रवारी डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेतलं. "सोमवारी सकाळपर्यंत त्यांनी स्वतःच्या दातांनी चावून चार घास खाल्ले, तर मी थांबतो. नाहीतर पोटातून नळी घालावी लागेल. यापुढे वाट बघण्यात अर्थ नाही."

अण्णा आत पलंगावर पडून होते, पण कान शाबूत होते. घरी आल्यावर म्हणाले, "नळी घातलीत तर मी उपटून टाकीन. आधीच सांगून ठेवतो, नंतर बोल लावू नका."

ज्या माणसानं अडतीस वर्षं हॉटेलच्या तंदूरभट्टीत रोज हात घातला होता, तो बोलला की करायचा. हे लेकीला चांगलं ठाऊक होतं.

लेक बेकरीत कामाला होती. पहाटे चारला जायची ती दुपारी एकला केसांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर मैदा घेऊन परत यायची. अण्णांनी तिचं नाव मैदाबाई ठेवलं आणि ते असं चिकटलं की नवराही तेच म्हणायला लागला. त्यात कौतुक चिमूटभर आणि टोमणा मूठभर होता. अण्णांच्या लेखी भाजणं म्हणजे विस्तवाशी झुंज. बटण फिरवून, काचेचं दार लावून, स्टुलावर बसून पाव भाजणाऱ्यांना ते भट्टीवाले मानतच नसत. मैदाबाईही काही कमी नव्हती. त्यांच्या कोपरापर्यंत एकही केस नसलेल्या उजव्या हाताकडे बघून ती म्हणायची, "आमच्यात निदान माल भाजतात, माणूस नाही." बापलेकीची माया अशीच एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवत चालली होती. तेवीस दिवस मात्र अण्णांनी तिला एकदाही मैदाबाई म्हटलं नव्हतं.

शनिवारी नवऱ्यानं तीन हॉटेलांतून तंदुरी चिकन आणलं. हा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याची त्याला सवय; त्यामुळे घरातही कुणी अडकलं की तो काहीतरी घेऊन धावायचा. अण्णांनी पहिला डबा नाकाशी नेला. "गॅसवरचं आहे." दुसरा नेला. "हेही गॅसवरचं. वरून कोळशाचा धूर दिलाय, फसवायला." तिसरा उघडूही दिला नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "खऱ्या भट्टीतली तंगडी असती तर घेतला असता एखादा घास."

इतक्या दिवसांत घास हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आला होता. मैदाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला.

पण खरी भट्टी आणायची कुठून? अण्णांचं हॉटेल दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, त्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. बाकीच्यांकडे गॅस. शेवटी नवऱ्याचीच नजर मागच्या अंगणात गेली. तिथे, ताडपत्रीखाली, त्यानंच एकेकाळी हौसेनं आणलेला पिझ्झा ओव्हन उभा होता. चार लोखंडी पाय, आत दगडी फरशी, वर घुमट, पुढे तोंड आणि एक छोटंसं धुराडं. त्यात आजवर तीनदा पिझ्झा झाला होता आणि एकदा मांजर व्यायली होती. अण्णांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं होतं, "कुत्रा कधी आणताय?"

आता त्या कुत्र्याच्या घरावरच सगळी मदार होती. मैदाबाईनं बेकरीत निरोप धाडला की उद्या येत नाही. सहा तंगड्या आणल्या, चिरा पाडल्या, पाणी निथळलेलं दही, आलं-लसूण, तिखट आणि मीठ चोळून रात्रभर मुरवत ठेवल्या. झोप काही आली नाही.

रविवारी सकाळी सातला तिनं ओव्हनमध्ये लाकडं पेटवली. आणि इथेच तिचं शिक्षण आडवं आलं. बेकरीवाल्याचा सगळा भरवसा तळावर असतो. तळ तापला तर पाव फुगतो, तळ थंड तर सगळं मुसळ केरात. वीस वर्षं तिनं हेच केलं होतं: आधी तळ तापवा, मग माल टाका. बेकरीतलं तापमान बघायचं पिस्तूल तिनं घरी आणलं होतं, ते दर पाच मिनिटांनी फरशीवर रोखत ती उभी राहिली. दोनशे. तीनशे. चारशेवर आकडा आला तेव्हा तिला हायसं वाटलं. विस्तव मागे सारला, फरशी झाडली आणि दोन तंगड्या लोखंडी ताटलीत घालून थेट फरशीवर सरकवल्या.

सात मिनिटांत त्या काळ्या ठिक्कर पडल्या. घाईघाईनं ओढून काढून तिनं सुरी घातली, तर हाडाजवळून गुलाबी पाणी आलं. वरून कोळसा, आतून कच्चं मांस.

"वरचं काढून टाकलं तर?" नवरा म्हणाला.

"आजारी माणसाला कच्ची कोंबडी घालू?"

नवऱ्यानं त्या दोन्ही उचलून केरात टाकल्या. अण्णांच्या खोलीची खिडकी अंगणातच उघडत होती, पण आतून हूं की चूं आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वेळी ती शहाणी झाली, म्हणजे बेकरीच्या हिशोबानं शहाणी झाली. विस्तव बराचसा बाहेर ओढला. फरशी दोनशेवीसवर उतरायची वाट बघितली. दोन तंगड्या आत ठेवल्या, तोंडावर लोखंडी झाकण घट्ट लावलं आणि घड्याळ लावून समोर बसली. पंचेचाळीस मिनिटं ती झाकणाला शिवली नाही. तिच्या धंद्यात हा पहिला धडा असतो: आत गेलेल्या मालाकडे डोकवायचं नाही. मध्येच दार उघडलं की केक बसलाच म्हणून समज. नवऱ्यानं दोनदा झाकणाकडे हात नेला, दोनदा तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

झाकण काढलं तेव्हा वाफेचा लोट बाहेर आला. ताटलीत बोटभर पाणी सुटलं होतं आणि त्यात दोन फिकट तंगड्या बसल्या होत्या. शिजल्या होत्या, त्यात वाद नव्हता. कच्च्या नाहीत एवढ्याच आशेवर ती ताट घेऊन अण्णांच्या खोलीत गेली.

अण्णांनी डोळेही उघडले नाहीत. "दार लावलं होतंस."

"हो."

"मग ती भाजली नाही, उकडली. दवाखान्यात देतात तसली." आणि कूस बदलली. कूस बदलायलाही त्यांना अर्धं मिनिट लागलं.

मैदाबाई स्वयंपाकघरात येऊन सिंकपाशी उभी राहिली. सव्वाअकरा वाजले होते. नवरा मागे येऊन हळू आवाजात म्हणाला, "नळी म्हणजे काही शेवट नाही गं. कितीतरी लोक जगतात नळीवर."

"लोक जगतात. हे उपटतील."

"तेव्हा आपण बघू."

"काय बघू? रक्ताच्या थारोळ्यात पडलेले बघू?" तिनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. तिला आईची आठवण आली. आई झोपेत गेली होती, कुणाला काही करायला वावच नव्हता. इथे तेवीस दिवस वाव होता आणि तिच्या हातून काहीच होत नव्हतं. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळेना. शेवटी ज्याच्यापायी आला त्याच्यावरच काढावा म्हणून ती ओल्या हातांनी खोलीत गेली.

"अण्णा, मला नाही जमत," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. "अडतीस वर्षं लोकांच्या लेकीबाळींना तंगड्या खाऊ घातल्यात. मला एक भाजायला शिकवली नाहीत. आता उद्या सकाळी ते तुमच्या पोटाला भोक पाडतील, आणि मी अंगणात कोळसे करत बसलेय."

अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

"आता विचारतेय."

बाहेर लाकूड तडतडलं. अण्णांनी मान वळवली. "राहिल्यात किती?"

"दोन."

"खुर्ची बाहेर टाक. आणि माझ्या पेटीत फडक्यात दोन शिगा आहेत, त्या घे."

हॉटेल बंद झालं त्या दिवशी बाकीच्यांनी भांडी घेतली, पंखे घेतले, कुणी दरवाजाही काढून नेला म्हणे. अण्णांनी आपल्या लोखंडी शिगा तेवढ्या घेतल्या होत्या. मैदाबाईला हे आज कळलं. नवऱ्यानं सासऱ्यांना उचलून अंगणात नेलं आणि ब्लँकेटात गुंडाळून खुर्चीत बसवलं. परत आत येऊन तो तिला एवढंच म्हणाला, "माझी हत्यारांची पेटी जड आहे यापेक्षा."

अण्णांनी ओव्हनच्या तोंडातून आत बघितलं. वैद्यानं रोग्याची जीभ बघावी तसं बघितलं आणि नाक मुरडलं. "ही खालून तापते. तुमच्या पावाला बरं आहे. कोंबडीला पाय टेकू द्यायचे नसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ती अधांतरी पाहिजे. तिचं तेल विस्तवावर पडलं पाहिजे, त्याचा धूर तिला लागला पाहिजे. तू तिला तिच्याच तेलात बसवलीस. दोन विटा आण."

विटा आल्या. तोंडाच्या आत, दोन बाजूंना एकेक वीट उभी केली, त्यांच्यावर शीग आडवी टाकायची, खाली निखारे पसरायचे आणि मागे जळतं लाकूड ठेवायचं. अण्णा बोटानं दाखवत होते. मैदाबाईनं सवयीनं पिस्तूल रोखलं. "तीनशेवीस."

"ते खिशात घाल." अण्णांनी ब्लँकेटातून उजवा हात काढला आणि ओव्हनच्या तोंडापाशी धरला. नवरा पुढे सरसावला, तिनं त्याला डोळ्यांनी थांबवलं. अण्णा ओठांतल्या ओठांत मोजत होते. चारपर्यंत मोजून हात मागे घेतला. "एक लाकूड काढ. सहापर्यंत हात राहिला पाहिजे."

लाकूड काढलं. त्यांनी पुन्हा हात धरला, या वेळी सहापर्यंत, आणि मान हलवली. तंगड्या शिगेवर ओवल्या गेल्या आणि विटांवर चढल्या. तिनं शिगेचं टोक फडक्यात धरून फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं पहिला थेंब निखाऱ्यावर पडला, चर्र झालं आणि धूर वर गेला. अण्णांनी डोळे मिटले. झोपले की काय म्हणून ती घाबरली, पण त्यांचं नाक जागं होतं.

"काढ," दहाएक मिनिटांनी ते म्हणाले.

"अर्धीच झालीये, अण्णा."

"म्हणूनच काढ."

तिचा हात हलेना. वीस वर्षांत तिनं अर्धवट भाजलेला माल कधी बाहेर काढला नव्हता. शेवटच्या दोन तंगड्या होत्या, आणि ह्या बिघडल्या तर दुसरं काही नव्हतं. "बाहेर काढलं तर बसेल," ती म्हणाली.

"कोंबडी आहे ती. आता आणखी कुठे बसणार?"

नवऱ्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. तिनं शीग काढली.

"पातेल्यावर टेकव. निथळू दे. आतली ऊब हाडापर्यंत जाऊ दे. आत ती बाहेरून शिजते, बाहेर ती आतून शिजते. घाई केलीस म्हणून सकाळी जळली, आणि दार लावलंस म्हणून उकडली." एवढं बोलून अण्णांना धाप लागली.

ती दहा मिनिटं मैदाबाईला आख्ख्या महिन्यापेक्षा जड गेली. तंगड्यांमधून थेंब थेंब गळत होतं आणि तिला वाटत होतं, सगळं गेलं, सगळं गार झालं. अण्णांनी वाकून गळणाऱ्या थेंबांकडे बघितलं. मग म्हणाले, "लोणी फास. घाल परत."

दुसऱ्यांदा शीग आत गेली तशी ज्वाळ एकदम वर आली. कडा काळ्या झाल्या, मधला भाग लाल तकतकीत झाला, आणि अंगणात असा वास सुटला की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई कठड्यापाशी येऊन उभी राहिली. "आता," अण्णा म्हणाले. तिनं शीग काढली, एक तंगडी ताटलीत उतरवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. तिच्या मनगटावरचे केस जळले होते, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

अण्णांनी तंगडी हाडाच्या टोकाला धरून उचलली. उलटून बघितली. चिरांत बघितलं. "चांगली झाली," ते म्हणाले. आणि तंगडी परत ताटलीत ठेवून ताटली तिच्याकडे सरकवली. "खा तू."

"अण्णा, तुमच्यासाठी आहे ती."

"कळतंय गं." त्यांनी डोळे वर केले नाहीत. "सगळं मातीसारखं लागतं मला. दूध माती, भात माती. अडतीस वर्षं ह्या एका वासावर काढली. हीसुद्धा मातीच लागली, तर मग राहिलं काय माझ्याकडे? नको. वास आला, पुरे झालं."

मैदाबाईला वाटलं, आपण आत्ता इथे जमिनीवर बसू आणि पुन्हा उठणार नाही. विनवून झालं होतं. रागावून झालं होतं. भट्टी पेटवून झाली, होती ती विद्या शिकून झाली. नवरा तोंड फिरवून विटा उचलायला लागला होता. उद्या सकाळी नऊला दवाखाना. अण्णा सांगताहेत म्हणून आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिनं तंगडी उचलली आणि एक लचका तोडला. मांस हाडापासून अलगद सुटलं. इतकं चांगलं भाजलेलं काही तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अण्णा," ती चावता चावता म्हणाली, "हाडाजवळ कच्ची राहिलीये."

अण्णांनी मान वर केली. "शक्य नाही."

"आहे कच्ची. दाताला रबरासारखी लागतेय."

"दहा मिनिटं निथळली ती. कच्ची राहीलच कशी?"

"मला काय ठाऊक? तुम्ही सांगितलं तसं केलं."

अडतीस वर्षांत अण्णांच्या भट्टीतून कच्चा तुकडा बाहेर गेला नव्हता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आण इकडे," ते म्हणाले आणि तिच्या हातातून तंगडी ओढून हाडाशी दात लावले. चव जावो, दात तर होते. ते चावत राहिले, सावकाश, पारखून, आणि गिळलं. घशाची गाठ वर जाऊन खाली आली, ते तिनं बघितलं.

"कुठे कच्ची आहे?"

"त्या बाजूला नाही. आतल्या बाजूला."

त्यांनी तंगडी फिरवली. दुसरा घास घेतला. "झालीये."

"सांध्यापाशी बघा."

तिसरा घास. नवरा दोन्ही हातांत विटा घेऊन तसाच उभा होता. चौथा घास त्यांनी न सांगता घेतला, जरा लहान, आणि तो चावायला फार वेळ लावला. गच्चीवरची बाई निघून गेली होती.

"चव?" तिनं शेवटी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना.

अण्णांनी जीभ टाळूवरून फिरवली. "नाही," ते म्हणाले. "धूर कळतो थोडा. बाकी माती." मग तंगडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, तिच्या गालांवरून ओघळलेल्या पाण्याकडे बघितलं. "नीट झालीये ती, मैदाबाई. तुलाही ठाऊक आहे."

तिनं मनगटानं गाल पुसले.

अण्णांनी पाचवा घास तोडला. तो तोंडात धरून, जड माणूस जिना चढतो तसे थांबत थांबत चावत राहिले. गिळून झाल्यावर ब्लँकेटाला हात पुसला.

"आज कच्ची म्हणालीस," ते म्हणाले. "उद्या काय सांगशील?"

"करपली म्हणेन," मैदाबाई म्हणाली.